लोटस एलिस घेताना इंजिन कोणतं निवडावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. लोटस एलिस, म्हणजे ती हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इथे ब्रिटनमध्ये जुनी घ्यायची हे ठरलेलं आहे, तीन गाड्या नजरेत आहेत. एक १९९९ ची पहिल्या पिढीची, रोव्हर इंजिनाची. दुसरी २००५ ची १११आर, टोयोटाच्या १८९ अश्वशक्तीच्या इंजिनाची. तिसरी २००७ ची एलिस एस, तिलाही टोयोटाचंच इंजिन, पण १३४ अश्वशक्तीचं. भेटेल तो सांगतो, ‘१११आर घे, बाकीच्यांत दम नाही.’ आणि तू विचारतोस, ‘काका, इतक्या हलक्या गाडीत पंचावन्न अश्वशक्तीचा फरक खरंच जाणवतो का?’

जाणवतो. पण कुठे जाणवतो, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी या गाड्या बावीस वर्षं उघडतोय, त्याआधी पिंपरीत हात काळे केले, आणि एक १११आर चार वर्षं स्वतःची म्हणून वापरली. त्या अनुभवावर सांगतो, अश्वशक्तीचा आकडा बघून एलिस घेणारे निम्मे लोक वर्षभरात माझ्याकडे येऊन ‘गाडी खालून ओढत नाही’ म्हणतात. गाडीत काही बिघडलेलं नसतं. त्यांना हवं ते इंजिन त्यांनी घेतलेलं नसतं, एवढंच.

आधी वजन बघ, कारण या गाडीत सगळं तिथून सुरू होतं. एलिसची चेसिस म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साच्यातून दाबून काढलेले लांब तुकडे, इपॉक्सीनं एकमेकांना चिकटवलेले. नुसती चेसिस सुमारे ६८ किलो भरते. त्यामुळे १९९६ साली नॉरफकमधल्या हेथेलच्या कारखान्यातून पहिली एलिस बाहेर पडली तेव्हा अख्ख्या गाडीचं वजन होतं साधारण ७२५ किलो. इंजिन ११८ अश्वशक्तीचं. टनामागे हिशेब केला तर १६० च्या वर. तुझ्या यादीतल्या दोन्ही टोयोटावाल्या गाड्या ८६० किलोच्या आसपास आहेत. म्हणजे एलिस एसची टनामागची ताकद १५५ च्या घरात, आणि १११आरची सुमारे २२०. जुनी, ‘दम नसलेली’ गाडी या हिशेबात एलिस एसच्या किंचित पुढेच निघते. ८६० वजा ७२५ म्हणजे १३५ किलो, दोन माणसं गाडीत कायमची बसवल्यासारखं. हे वजन तुला सरळ रस्त्यावर कमी आणि वळणात, ब्रेकमध्ये, स्टिअरिंगमध्ये जास्त कळेल.

आता टोयोटाच्या दोन इंजिनांकडे. इथे जरा वेळ घेतो, कारण तुझा निर्णय इथेच होणार आहे.

एलिस एसमधलं इंजिन १झेडझेड. १७९४ सीसी, १३४ अश्वशक्ती ६२०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे), १७२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४२०० ला. १११आरमधलं २झेडझेड. १७९६ सीसी, १८९ अश्वशक्ती ७८०० ला, १८१ न्यूटन-मीटर ६८०० ला. हे आकडे पुन्हा वाच. अश्वशक्तीत ५५ चा फरक, टॉर्कमध्ये फक्त ९ चा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. २झेडझेडनं जास्तीची ताकद जास्त जोर लावून कमावलेली नाही, तोच जोर जास्त फेऱ्यांपर्यंत टिकवून कमावली आहे. आणि ४००० आरपीएमला, जिथे माणूस रोजच्या रस्त्यावर असतो, तिथे दोघांच्या जोरात तुला मोठा फरक सापडणार नाही.

२झेडझेडची करामत तिच्या कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात आहे. प्रत्येक सिलिंडरसाठी कॅमचे दोन आकार आहेत, एक सौम्य आणि एक उंच. साधारण ६२०० आरपीएमपर्यंत सौम्य आकार व्हॉल्व्ह उघडतो. तिथे ऑइलच्या दाबानं एक छोटी पिन सरकते आणि उंच आकार काम करू लागतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, आणि मागून येणारा आवाज एका क्षणात बदलतो. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या रचनेत यामाहाचा हात आहे, आणि तो आवाजातही ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकलास की अंगावर काटा येईल. मला आजही येतो.

पण हिशेब मांडून बघ. १११आरचा दुसरा गिअर २.०५, तिसरा १.४८१, फायनल ड्राइव्ह ४.५२९, आणि मागच्या २२५/४५ आर१७ टायरचा घेर गाडीच्या भाराखाली धरला तर सुमारे १९५ सेंटिमीटर. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये ६२०० आरपीएम येतात ताशी ४८ मैलांना. तिसऱ्यात येतात ६७ मैलांना. ब्रिटनमध्ये दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर मर्यादा ६० ची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये उंच कॅम लागण्याआधीच तू कायदा मोडलेला असतोस. पहिला गिअर सोडला, तर उरतो तो दुसऱ्या गिअरमधला ४८ ते ६० मैलांचा पट्टा. तेवढ्यासाठी १११आर घेतोस असं समज, कारण रस्त्यावर तिच्या जास्तीच्या ५५ अश्वशक्तींशी तुझी गाठ एवढ्याच पट्ट्यात पडणार आहे.

अजून एक गोष्ट, जी चालवल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्यातून ८००० ला तिसरा टाकलास तर काटा ५८०० च्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे ६२०० च्या खाली. कॅम सुटतो, गाडी क्षणभर श्वास घेते, मग पुन्हा पकडते. इंजिन थोडा वेळ ८५०० पर्यंत जाऊ देतं. तिथे गिअर बदललास तर जेमतेम ६१०० मिळतात, तेही काठावरच. तिसऱ्यातून चौथ्यात मात्र ८००० ला बदललं तरी काटा ६३०० ला उतरतो आणि इंजिन उंच कॅमवर राहतं. यावर उपाय म्हणून काही जण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक बदलून किंवा त्यातली मांडणी बदलून (रिमॅप) कॅमची वेळ खाली आणतात. चांगल्या माणसाकडून करून घेतलं तर फरक खरोखर पडतो. घेताना मात्र गाडीत काय बसवलंय, कुणी बसवलं आणि विम्याला कळवलंय का, हे विचारलंच पाहिजे.

रेसट्रॅकवर चित्र उलटं होतं. स्नेटरटनसारख्या ट्रॅकवर तू तिसऱ्या-चौथ्यात ६२०० च्या वरच राहतोस, आणि तिथे १११आर एलिस एसला सहज मागे टाकते. जवळजवळ बसवलेले सहा गिअर तिथे सोनं ठरतात. एलिस एसला पाचच आहेत, आणि ६००० नंतर तिच्यात ओढ उरत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी एकच विचारतो, ‘वर्षात किती दिवस ट्रॅकवर?’ तू लिहिलंयस दोन. रविवारी सकाळी घराजवळचे रस्ते, आणि वर्षातून तीन-चारदा वेल्स. तुझ्या बाबतीत निर्णय बराचसा इथेच झाला.

माझं मत बदललं ते वेल्समध्येच. २००९ साली मी १११आर घेतली. मलाही तेव्हा तोच आकडा दिसत होता. दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकाची एलिस एस दुरुस्तीनंतर चालवून बघायला घेतली आणि बाला ते ट्रॉसव्हिनिथ हा ए४२१२ रस्ता धरला. डोंगर, तळं, लांब वळणं, मधेच मेंढ्या. माझ्या गाडीत मी त्या रस्त्यावर सतत गिअर शोधत असायचो. दुसरा ठेवू की तिसरा, कॅम मिळेल की नाही. त्या दिवशी एलिस एस तिसऱ्यात टाकली आणि तिथेच ठेवली. ३५०० ते ५५०० मध्ये ती मागेल तेवढी ओढत होती. माझं लक्ष इंजिनावरून उठलं आणि पुढच्या चाकांवर गेलं. स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडबडीत तुकडा हाताला कळत होता. ही गाडी ज्यासाठी बनली आहे ते मला तिथे पुरेपूर मिळालं, आणि तेही कमी ताकदीच्या इंजिनातून. घरी येताना मी गप्पच होतो.

१झेडझेडबद्दल लोक नाक मुरडतात, कारण ते साध्या गाड्यांचं इंजिन आहे. एमआर२, सेलिका, अ‍ॅव्हेन्सिस. तुला आठवत असेल, आपल्याकडे २००३ साली आलेल्या कोरोलातही १.८ लिटरचं हेच इंजिन होतं. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, उन्हात, एसी चालू ठेवून त्या गाड्यांनी काय काय सोसलं ते तू पाहिलंयस. त्या कोरोलाचं वजन अकराशे किलोच्या वर होतं. तेच काम आता ८६० किलोसाठी करायचंय. या इंजिनाची सुरुवातीची काही वर्षं ऑइल खाण्याची तक्रार होती, पिस्टनमधली ऑइल परत जाण्याची भोकं अपुरी असल्यामुळे. पुढे पिस्टन सुधारले गेले आणि २००७ च्या गाडीत ती अडचण सहसा दिसत नाही. तरी ऑइलची कांडी पाहायचीच. आणि इंजिन गेलंच, तर दुसरं मिळणं सोपं आहे. ही सोय मी फार मोठी मानतो.

२झेडझेडचं तसं नाही. ते उत्तम इंजिन आहे, पण त्याला निष्काळजी मालक चालत नाही. माझ्या १११आरची गोष्ट सांगतो. घेतल्यावर आठवडाभरात लक्षात आलं की ६२०० नंतर ती उसळी येतेय खरी, पण मरगळलेली. व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तर उंच कॅमचे दोन आकार घासून सपाट झालेले. विकणाऱ्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि मी गाडी थंड असताना, घाईत, चार मैल चालवून पैसे दिले होते. दोष निम्मा माझा. तेव्हापासून २झेडझेडची गाडी मी पूर्ण गरम झाल्याशिवाय तपासत नाही. इंजिन आणि ऑइल गरम झाल्याशिवाय उंच कॅम लागतच नाही, त्यामुळे थंड गाडी चालवून काहीही कळत नाही. गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यात ६२०० च्या पुढे ने. बदल स्वच्छ आणि एका झटक्यात व्हायला हवा. अडखळली, किंवा काहीच झालं नाही, तर कॅम, रॉकर किंवा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी, काहीतरी तपासायला हवं.

दुसरा धोका चुकलेल्या गिअरचा. चौथा टाकायचा तिथे घाईत दुसरा पडला की इंजिन मर्यादेच्या कितीतरी वर फिरतं. ईसीयू तिथे काही करू शकत नाही, कारण इंजिनाला चाकं फिरवत असतात. २झेडझेडमध्ये अशा वेळी ऑइल पंपाचा गिअर फुटू शकतो, आणि मग ऑइलच्या दाबाविना राहिलेलं इंजिन संपायला वेळ लागत नाही. सिलिंडरच्या भिंती धातूत सिरॅमिकचे धागे मिसळून बनवलेल्या आहेत, त्यामुळे नेहमीसारखं बोअर करून घेऊ म्हटलं तर तेही सोपं नाही. पण एक चांगली सोय आहे. टोयोटा इंजिनाच्या एलिसमधला ईसीयू इंजिन जास्तीत जास्त किती फिरलं, कोणत्या पट्ट्यात किती वेळ होतं, याची नोंद ठेवतो. या गाड्यांचं काम करणाऱ्या माणसाकडे ती वाचायचं साधन असतं. १११आर घेण्याआधी हा कागद मागच. नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून मी गाडी घेणार नाही.

ट्रॅकवर चिकट टायर घालून लांब वळणं घेतली की ऑइल एका बाजूला जमतं आणि पंपाला हवा मिळते. जो ट्रॅकवर नियमित जातो त्यानं इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असाव्यात. आधीच्या मालकानं बसवलेल्या दिसल्या तर दोन गोष्टी कळतात: गाडी ट्रॅकवर चालली आहे, आणि चालवणाऱ्याला अक्कल होती.

आता तुझ्या यादीतली पहिली गाडी. तिच्यावर माझं प्रेम आहे, म्हणून जपून लिहितो.

रोव्हरचं के-सीरिज इंजिन बदनाम झालं ते हेड गॅस्केटमुळे, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ पत्र्यामुळे, आणि बदनामीत तथ्य आहे. पण कारण समजून घेतलंस तर घाबरण्याऐवजी तपासता येईल. हे इंजिन सँडविचसारखं आहे. हेड, ब्लॉक आणि खालची शिडी, तिन्हींतून वरून खालपर्यंत जाणारे लांब बोल्ट सगळं आवळून धरतात. त्यामुळे इंजिन कमालीचं हलकं झालं. सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली नळकांडी वेगळी, ब्लॉकमधल्या पायरीवर बसवलेली. ते ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापेक्षा केसभर, काही शतांश मिलिमीटर, वर असायला हवेत, तरच गॅस्केट घट्ट दाबली जाते. लायनर खाली बसले की नवी गॅस्केटही टिकत नाही. सुरुवातीला हेड जागेवर धरणाऱ्या डॉवेल प्लास्टिकच्या होत्या, त्यामुळे हेडला किंचित हालचाल मिळायची. त्यात कूलंट कमी आणि थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरतं त्या बाजूला. एलिसमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पार पुढे. इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला की पुढच्या लांब पाइपांतलं गार पाणी एकदम तापलेल्या ब्लॉकमध्ये शिरतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतल्यासारखं. असं रोज झालं की गॅस्केट कधीतरी हार मानते.

म्हणून १९९९ च्या गाडीसाठी मी कागद मागेन. गॅस्केट कधी बदलली, कुणी बदलली, अनेक थरांची पोलादी गॅस्केट घातली का, डॉवेल पोलादी आहेत का, खालची शिडी सुधारित घातली का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लायनरची उंची मोजली का. हे सगळं नीट केलेलं के-सीरिज इंजिन मी निश्चिंत मनानं वापरेन. ‘कधी गॅस्केट गेलीच नाही हो’ असं अभिमानानं सांगणाऱ्याच्या गाडीपेक्षा ही गाडी मला जवळची. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावतीही पाहा, कारण याला चेन नाही. टोयोटाच्या दोन्ही इंजिनांना चेन आहे.

त्या काळातली १११एस कुठे दिसली तर थांबून विचार कर. तिच्यात व्हीव्हीसी नावाचा प्रकार आहे, इनटेकचे व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ चालता चालता कमी-जास्त करणारी यंत्रणा. पहिल्या पिढीत १४३ अश्वशक्ती, दुसऱ्या पिढीत १५६. चालवायला फार गोड, आणि वर-खाली सगळीकडे सारखी ओढते. पण मागच्या बाजूला आणखी एक छोटा बेल्ट असतो जो अनेक गॅरेजवाल्यांना ठाऊकच नसतो, आणि व्हीव्हीसीची यंत्रणा नीट उघडून बसवू शकणारे लोक वर्षागणिक कमी होताहेत. एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये बुडाली, त्यामुळे मागे उभी राहणारी कंपनीही नाही.

तुझ्याबाबत जुन्या गाडीला आणखी एक अडचण आहे, जी तू विचारली नाहीस. तुझं सासर लंडनच्या हॅरोला. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो, म्हणजे पालिका-विभाग, यूलेझमध्ये आहेत, जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचं शुल्क पडतं. पेट्रोल गाडी धुराच्या युरो ४ मापात बसत नसेल तर जितके दिवस तिथे चालवशील तितके दिवस साडेबारा पौंड. १९९९ ची एलिस त्या मापात बसेल अशी आशा धरू नकोस. टोयोटावाल्या गाड्या सहसा बसतात, तरी टीएफएल या लंडनच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहा, एका मिनिटाचं काम आहे. हॅरोला दुसऱ्या गाडीनं जाणार असशील तर हा मुद्दा सोडून दे.

सुपरचार्जरवाल्या, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या गाड्यांचं तू विचारलं नाहीस, पण बघायला गेलास की कुणीतरी दाखवणारच. २००८ ची एलिस एससी म्हणजे हेच २झेडझेड, वर सुपरचार्जर, २१८ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर, ती हवा गार करणारा इंटरकूलर नाही. २०१२ नंतरची एलिस एस वेगळी, नाव तेच असलं तरी आतलं इंजिन २झेडआर, २१७ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर आणि तेही ४६०० ला. ही दुसरी गाडी १११आरची नेमकी उणीव भरून काढते, मधल्या फेऱ्यांत प्रचंड ओढते. पण वजन ९२४ किलो, किंमत तुझ्या अंथरुणाबाहेर, आणि पहिलीच मागे इंजिन असलेली गाडी चालवणाऱ्यासाठी मला ती नाकापेक्षा मोती जड वाटते. वळणात मधेच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडलास की मागचा भाग पुढे यायला बघतो, हे आधी कमी ताकदीवर शीक. २०१० नंतरची १.६ लिटरची गाडी तुझ्या बजेटच्या काठावर आली तर जरूर बघ. तिलाही १३४ अश्वशक्तीच, पण सहा गिअर, आणि रस्ताकर बराच कमी.

लहान इंजिन म्हणजे नेहमी खालून ओढणारं, असा नियम मात्र करू नकोस. माझदाच्या २०१५ नंतरच्या एमएक्स-५ मध्ये उलटं आहे. १.५ लिटरचं इंजिन १२९ अश्वशक्ती ७००० ला देतं, टॉर्क १५० न्यूटन-मीटर, म्हणजे फिरवावं लागतं. २.० लिटरवाल्यात २०० न्यूटन-मीटर, तिला फिरवायची गरज नाही. तिथे मला १.५ आवडतं, आणि इथे एलिस एस सुचवतोय. दोन्हीकडे मी एकच बघतो: त्या माणसाच्या रस्त्यावर इंजिनाचा काटा दिवसभर कुठे राहणार, आणि इंजिन तिथे खूश आहे का.

तर माझं उत्तर: २००७ ची एलिस एस. तुझे रस्ते, ट्रॅकवरचे तुझे दोन दिवस, तुझा अनुभव आणि सासर, सगळं धरून. वर्षाला ट्रॅकवरचे आठ-दहा दिवस असते तर १११आर म्हटलं असतं, ईसीयूचा कागद पाहून. घरी गॅरेज असतं, हाताला काम करायची सवय असती आणि लंडन नसतं, तर नीट केलेली १९९९ ची म्हटलं असतं, कारण ७२५ किलोची ती गाडी जे देते ते पुढच्या कुठल्याच एलिसनं तितक्या मोकळेपणानं दिलं नाही.

पण हे सगळं इंजिनापुरतं. चेसिसला मार बसलेला असेल तर कोणतंच इंजिन कामाचं नाही. चिकटवलेलं अ‍ॅल्युमिनियम वाकलं की ठोकून सरळ करता येत नाही. खालचे झाकणपत्रे काढून बघायला लाव, लिफ्टवर घे, सस्पेन्शन जिथे चेसिसला जोडलंय तिथे चिरा, सुरकुत्या, नवा रंग शोध. पुढचं आणि मागचं फायबरचं कवच एकेका अखंड तुकड्यात येतं. बारीकशी चीर दिसली तरी दुरुस्तीचा आणि रंगाचा खर्च अख्ख्या कवचाचा असतो. मागच्या चाकांची दिशा धरणाऱ्या टो-लिंकचे सांधे हलवून बघ, ढिले असतील तर वेगात गाडी मागून भरकटते. एमओटीचा, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. मैलांचा आकडा दरवर्षी पुढेच जातोय ना, आणि कोणत्या वर्षी कशावर शेरे पडलेत, ते घरी बसून वाचून काढ.

शेवटी तू लिहिलंयस की पुढे पुण्याला परतलो तर गाडी घेऊन येईन. तो विचार आत्ताच सोड. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात होत नाही.

शनिवारी एलिस एस आणि १११आर दोन्ही बघणार आहेस ना? विक्रेत्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, मागच्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून ते पाहून घे. थंड सुरू करताना पहिल्या दहा सेकंदांचा आवाज फोनवर टिपून ठेव. मग प्रत्येक गाडी किमान अर्धा तास चालव, आधी एलिस एस, मग १११आर, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या गिअरमध्ये ४० मैलांवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघ. गाडी थांबवल्यावर पाच मिनिटांनी ऑइलची कांडी काढून पुस, पुन्हा घाल, पुन्हा काढ, आणि दोन्हींचे फोटो मला पाठव. मी दुपारपर्यंत गॅरेजमध्येच आहे.